जाळीचं कपाट आणि भिंतीतली आलमारी: दुरुस्तीच्या नोंदी

३ मार्च

कामाला घेतलेल्या वस्तू दोन. पहिलं स्वयंपाकघरातलं जाळीचं कपाट: उंची ५ फूट, रुंदी ३ फूट, खोली १६ इंच. चौकट सागवानाची, वरच्या दोन दारांना जाळी, खालच्या दोन दारांना लाकडी दिल्हे, म्हणजे दाराच्या चौकटीत बसवलेल्या पातळ फळ्या. दुसरी मातीच्या भिंतीत बसवलेली आलमारी, ४ फूट बाय अडीच फूट. तिची चौकट आणि दारं सागवानाची, मागच्या फळ्या मात्र आंब्याच्या.

जाळीच्या कपाटाचे दोष: चारही पाय खालून सडलेले, जाळी गंजून फाटलेली, एका दिल्ह्याला उभी चीर, दोन दारांमध्ये ९ मिमीची फट, बिजागऱ्यांचे स्क्रू नुसतेच फिरतात. आलमारीचे दोष: दारांवर जुन्या ऑइलपेंटचे थर, मागच्या फळ्यांत उधई (वाळवी), आतल्या एका फळीच्या कडेला पिठासारखा भुसा.

पिनवाल्या ओलावामापकाने दारांचं लाकूड ८ टक्के दाखवतं, पायांचं टोक १४.

आपल्याकडे, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, लाकडाचं काम मुहूर्त पाहून करावं लागतं, आणि तो मुहूर्त हवेतल्या ओलाव्याचा. मे महिन्यात घरातलं लाकूड वाळून ५-६ टक्क्यांवर येतं, ऑगस्टमध्ये १५ च्या आसपास जातं. ओलावा एक टक्क्याने वाढला की सागवानाची चापट कापाची (खोडाच्या वलयांना समांतर चिरलेली) फळी रुंदीत साधारण ०.१९ टक्का फुगते. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणजे एक फूट रुंदीची फळी मे ते ऑगस्टमध्ये साडेपाच मिलिमीटरपर्यंत हलू शकते. रंग लावा, पॉलिश लावा, ही हालचाल थांबत नाही, तिचा वेग फक्त कमी होतो. जुन्या कपाटांची बरीचशी मोडतोड ही हालचाल कुणीतरी खिळे ठोकून अडवल्यामुळे झालेली असते. मार्चमध्ये लाकूड मधल्या ओलाव्यावर असतं, सकाळी हवा बरी असते, पॉलिश नीट वाळतं. म्हणून काम आत्ता.

४ मार्च

सगळं सुटं केलं. काढण्याआधी प्रत्येक दाराच्या आणि फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने खूण: डावं-वर, उजवं-खाली, अशी. जुन्या हातकामात दोन दारं कधीच तंतोतंत सारखी नसतात, अदलाबदल झाली की बसत नाहीत.

न सुटणाऱ्या स्क्रूची खाच आधी टोकदार खिळ्याने साफ करायची, मग पेचकस खाचेत ठेवून हातोडीचा एक नेमका ठोका द्यायचा. गंजाची पकड सुटते. तरीही हलला नाही तर सोल्डरिंगचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर धरायचं. पेचकस खाचेपेक्षा बारीक असेल तर खाच झिजते आणि काम दुप्पट होतं.

चिरलेल्या दिल्ह्याचं कारण दार उघडल्यावर दिसलं. दिल्ह्याची फळी चारही बाजूंच्या खोबणीत मोकळी बसायला हवी. कुठल्याशा जुन्या दुरुस्तीत ती दोन्ही उभ्या पट्ट्यांतून खिळे मारून जखडलेली आहे. उन्हाळ्यात फळी आकसायला गेली, दोन्ही बाजूंनी अडकलेली, म्हणून मधोमध फाटली. चिरेत लांबी (सुतारकामातली पुट्टी) भरून वर रंग दिलेला. ती लांबीही दर उन्हाळ्यात सुटलेली दिसते.

खिळे मागून पक्कडीने काढले. डोकं तुटलेले खिळे पातळ पंचने आरपार ठोकून पाडले.

६ मार्च

धुलाई. चुलीच्या घरातल्या कपाटावर बसलेला थर म्हणजे नुसती धूळ नसते, तो काजळी आणि फोडणीच्या तेलाचा एकजीव लेप असतो. त्यावर थेट पॉलिश पेपर घासला तर कागद दोन मिनिटांत बुजतो आणि तेलकटपणा लाकडात खोल जातो. आधी थर उतरवायचा.

एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा. स्पंज पिळून घ्यायचा, पाणी ओतायचं नाही. हातभर जागा ओली करून पाच मिनिटं थांबायचं, मग नारळाच्या शेंड्यांनी लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासायचं आणि लगेच साध्या पाण्याच्या फडक्याने पुसायचं. सोड्याने सागवान काळसर पडतं, म्हणून शेवटचं पुसणं एक लिटर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून. कॉस्टिक सोडा मात्र हाती धरू नये. तो लाकूड काळं तर करतोच, वर रेषा उचकटतो आणि सांध्यांतला जुना सरस (हाडा-कातड्यापासून केलेला डिंक) सोडवतो.

वाळवायला सावलीत, छपरीत, चारही बाजूंनी हवा लागेल असं. उन्हात उभं केलेलं दार एका बाजूने आधी वाळतं आणि वाकतं.

८ मार्च

आलमारीच्या दारांवरचा ऑइलपेंट काढला. या एका टप्प्यावर घाई कामाची नाही, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत आणणारे नियम २०१६ साली झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा रंग, विशेषतः पिवळा, हिरवा, लाल, शिशाचा आहे असंच धरून चालायचं. त्यावर कोरडा पॉलिश पेपर मारला की धूळ घरभर होते, आणि लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, तो भरून येत नाही.

म्हणून ओली खरवड. अंगणात ताडपत्री पसरली, त्यावर दार आडवं ठेवलं. पेंट रिमूव्हरचा जाड थर एकाच दिशेने लावून वर प्लास्टिकचा कागद झाकला. इथल्या कोरड्या हवेत झाकण नसेल तर रिमूव्हर काम करण्याआधीच उडून जातो. वीस मिनिटांनी रंग फुगून सुटतो. रुंद पटाशी बोथट करून तिने उचलायचा, कोपऱ्यात काचेचा तुकडा. वाढई लोक फुटक्या काचेची ताजी धार वापरतात ती उगाच नाही: ती पातळ सुरळी काढते आणि लाकडाला ओरखडा पाडत नाही. काच फडक्यात धरायची, हातात जाड मोजे, आणि रिमूव्हर कधीही बंद खोलीत उघडायचा नाही.

खरवडलेला रंग ओला असतानाच गोळा करून डब्यात बंद केला. तो चुलीत घालू नये, उकिरड्यावर किंवा परसबागेतही टाकू नये. ताडपत्री ओल्या फडक्याने पुसली, कामाचे कपडे वेगळे धुतले.

११ मार्च

कीड. इथे दोन वेगळे शत्रू आहेत आणि दोघांचा उपाय वेगळा.

आतल्या फळीच्या कडेला १ ते २ मिमीची गोल भोकं आणि मैद्यासारखं पीठ, म्हणजे घुण. ती फळी नीट पाहिली तर भोकं फक्त फिकट पट्ट्यात आहेत. सागवानाचा तपकिरी गाभा घुण खात नाही, सालीलगतचं पांढरं लाकूड खातो, कारण त्यात पिठूळ अन्न असतं. लाकूड वाचवायला सुताराने ती कड ठेवलेली. ज्या ठिकाणी नख रुततं तेवढा पांढरा भाग कापून टाकला, बाकीच्याला बोरॉनचं पाणी.

प्रमाण: एक लिटर कडक गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर. कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर चालते, पण पाकिटावर शुद्ध बोरिक लिहिलेलं पाहून घ्यायचं. दोन्ही एकत्र असली की एकटीपेक्षा जास्त विरघळतात. ब्रशने तीन हात, आधीचा हात ओलसर असतानाच पुढचा. भोकांत इंजेक्शनच्या सिरिंजने. दोन्ही वस्तूंना मिळून दीड लिटर लागलं. फक्त पांढरं लाकूड, फळ्यांची खालची बाजू, पाय आणि चौकटीची मागची बाजू एवढंच भिजवलं. जिथे अन्न ठेवायचं त्या फळीच्या वरच्या अंगाला नाही. बोरिक पोटात जाणं वाईट, उरलेलं द्रावण मुलांच्या हाताला लागेल असं ठेवायचं नाही. वाळल्यावर पांढरे कण वर येतात, ते ओल्या फडक्याने पुसायचे. हे औषध पाण्याने धुऊन जातं, म्हणून त्यावर पॉलिशचा थर हवाच.

उधईचं तसं नाही. ती लाकडात राहत नाही, जमिनीतून मातीच्या भिंतीतून येते आणि आंब्याच्या फळ्या तिने आतून पोकळ केल्या आहेत. फळ्या सगळ्या काढून टाकल्या. त्या जागी ६ मिमी जाडीची सिमेंट शीट, चौकटीला आतून स्क्रूने, कडा १ ला ४ सिमेंट-वाळूने बंद. शीटवरूनही उधई मातीची वाट बांधू शकते, पण ती आता डोळ्यांना दिसेल. महिन्यातून एकदा टॉर्च मारून पाहायचं. वाट दिसली की मोडायची, चार दिवसांत पुन्हा बांधली तर भिंतीत औषध सोडणाऱ्या जाणकाराला बोलवायचं.

कपाशीवरचं उरलेलं फवारणीचं औषध आलमारीला मारण्याची पद्धत गावोगाव आहे. ती बंद व्हायला हवी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेही उघड्या शेतात. ज्या आलमारीत पांघरुणं आणि भांडी राहतात त्या बंद जागेत ते औषध महिनोन्‌महिने उडत राहतं.

१५ मार्च

पाय आणि सांधे. या कपाटाचं आयुष्य याच कामावर ठरणार.

मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात. हेतू बरोबर, पण पायाचं टोक थेट पाण्यात उभं राहतं. लाकूड टोकाकडून पाणी सर्वात जास्त ओढतं, कारण तिथे त्याच्या नळ्या उघड्या असतात. चारही पाय खालून दीड इंच मऊ झाले आहेत. पेचकस टोचून पाहिला, कडक लाकूड लागलं तिथे खूण केली आणि आणखी अर्धा इंच वर धरलं.

नवा तुकडा नुसता खाली चिकटवून टिकत नाही, टोकाला टोक जोडलेला सांधा सगळ्यांत कच्चा. पाय अर्धा-अर्धा कापून ६० मिमी लांबीचा एकमेकांवर बसणारा सांधा केला. करवतीने आडवा काप, उभा काप, मग पटाशीने सपाट. जुन्या पायात आणि नव्या तुकड्यात रेषा एकाच दिशेने आल्या पाहिजेत.

सागवानात नैसर्गिक तेल असतं, ते पृष्ठभागावर येऊन फेविकॉलची पकड सोडवतं. म्हणून चिकटवायच्या जागी १२० चा पॉलिश पेपर फिरवायचा, थिनरच्या फडक्याने पुसायचं आणि दहा-पंधरा मिनिटांत फेविकॉल लावायचा. आदल्या दिवशी घासून ठेवलेलं उपयोगाचं नाही. पायांसाठी पाण्याला टिकणारा मरीन प्रकार, बाकी सांध्यांना साधा. दोन्ही अंगांना पातळ थर, दाबल्यावर कडेने बारीक थेंबांची ओळ यावी. धारा वाहिल्या तर जास्त झाला, काहीच आलं नाही तर सांधा उपाशी राहिला. वर ६ मिमीच्या वाळक्या बांबूच्या दोन खुंट्या आरपार.

शिकंजे नसतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी ताणून गुंडाळायची. तिचा दाब सगळीकडून सारखा बसतो आणि लाकडाला वळ उठत नाहीत. रात्रभर तसंच, त्यानंतर पूर्ण दिवस वजन नाही.

ढिल्या चौकटीचे सांधे: कुसूवर (भोकात बसणाऱ्या लाकडी जिभेवर) आणि भोकात जुन्या सरसाचा तपकिरी काचेसारखा थर आहे. त्यावर फेविकॉल धरत नाही, कारण त्याला लाकूडच भेटत नाही. गरम पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडकं भिजवलं, अर्धा तास गुंडाळून ठेवलं, मऊ झालेला सरस पटाशीने खरवडला आणि दोन दिवस वाळू दिलं. सैल कुसूला दोन्ही गालांवर सागवानाची पातळ ढलपी चिकटवून पुन्हा नेमका केला. हाताच्या जोराने आत जावा, हातोडी लागली तर भोक फाटेल.

चौकट जोडताना दोन्ही कर्ण मोजायचे. फरक २ मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर दोरी बांधून काडीने पीळ द्यायचा, तो आपोआप सरळ येतो. हे सकाळी आठच्या आत करावं. मार्चअखेर दुपारी फेविकॉल चार-पाच मिनिटांत साय धरतो आणि चौथा सांधा बसेपर्यंत पहिला आटलेला असतो.

१८ मार्च

चिरलेला दिल्हा. चीर वरून ३ मिमी, खाली केसाइतकी. लांबी, एम-सील, भुसा-फेविकॉल यांतलं काहीही इथे भरायचं नाही, कडक भरण पावसाळ्यात फुगणाऱ्या फळीला आणखी फाडतं. चिरेच्या दोन्ही कडा पातळ करवतीने सरळ केल्या, सागवानाची पाचरीसारखी निमुळती पट्टी काढली, रेषा उभ्या ठेवून चिकटवली, वाळल्यावर रंध्याने बरोबर केली. दिल्हा आता मोकळा असल्याने पट्टीवर ताण येणार नाही.

खोबण १० मिमी खोल आहे. दिल्हा दोन्ही बाजूंना ६ मिमी आत बसतो, ४ मिमी रिकामे. ३०० मिमी रुंदीच्या फळीला आत्ताच्या ८ टक्क्यांवरून पावसाळ्यातल्या १५ वर जायला एकूण ४ मिमी लागतील, म्हणजे बाजूला दोन. पुरेसं. खोबणीत फेविकॉलचा थेंबही जाऊ नये म्हणून दिल्ह्याच्या कोपऱ्यांना मेणबत्ती घासली. दिल्हा मधोमध राहावा म्हणून वर आणि खाली, रुंदीच्या मध्यावर, एकेक बारीक खुंटी. बाकी कुठेही खिळा नाही.

स्क्रूची वाढलेली भोकं: ८ मिमी ड्रिलने साफ करून सागवानाचीच गुल्ली ठोकली. आगपेटीच्या काड्या हलक्या दाराला चालतात, पण पाच फुटी कपाटाच्या बिजागरीला नाही. बांबूची खुंटीही इथे नको, स्क्रू घुसला की ती उभी फाटते.

मधली ९ मिमी फट. दारं पावसात अडकली म्हणून ऐन पावसाळ्यात कडा रंधून काढल्या की उन्हाळ्यात असं होतं. उजव्या दाराच्या मधल्या कडेला ५ मिमी जाड सागवानी पट्टी पूर्ण उंचीभर चिकटवली. आता फट ४ मिमी.

२० मार्च

बिजागऱ्यांभोवतीचे काळे डाग लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनचे आहेत, घासून जात नाहीत. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, ब्रशने लावून पंधरा मिनिटं, दोनदा. मग भरपूर साध्या पाण्याच्या फडक्याने पुसलं. हे ॲसिड विषारी आहे, आणि वाळल्यावर राहिलेली पूड घासताना नाकात गेली तर जळजळ होते.

२१ मार्च

घासणी. ८० नंबर फक्त जिथे रंगाचे अवशेष किंवा रंध्याच्या खुणा आहेत तिथे, मग सगळीकडे १२०, १८०, २२०. एकही नंबर गाळायचा नाही, ८० चे ओरखडे २२० ने निघत नाहीत आणि पॉलिश लागल्यावरच दिसतात. कागद हवाई चपलेच्या तळाच्या तुकड्याला गुंडाळला की दाब सारखा राहतो, नुसत्या बोटांनी घासलं की खड्डे पडतात. नेहमी रेषेच्या दिशेने. उभी आणि आडवी पट्टी मिळते तिथे आधी आडवी घासायची, शेवटचे हात उभीवर.

टॉर्च लाकडाच्या जवळ आडवी धरून पाहिलं की राहिलेला प्रत्येक ओरखडा सावली टाकतो.

सागवानाच्या बारीक धुळीने नाक आणि कातडी चुरचुरते, काहींना पुरळ उठतं. एन-९५ मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट. २२० ची बारीक धूळ वेगळी डबीत ठेवली. घट्ट चपड्यात (लाखेच्या पॉलिशमध्ये) ती कालवून खिळ्यांची भोकं भरली. फेविकॉलमध्ये कालवलेली धूळ पॉलिश पीत नाही, तिथे फिकट ठिपका राहतो.

२४ मार्च

आतली बाजू: चपडा. बंद कपाटाच्या आत तेलाचं पॉलिश कधीच लावू नये. हवा न लागल्याने ते महिनोन्‌महिने खवट वास मारतं आणि तो वास पिठात, तिखटात उतरतो. चपडा वाळला की त्याला वास नाही, अन्नाला अपायही नाही. औषधाच्या गोळ्यांवरही त्याचाच मुलामा असतो. शिवाय आपल्या झाडीपट्टीत पळस, बोर, कुसुम अशा ज्या झाडांवर लाखेचे किडे वाढतात, त्यांच्याच लाखेपासून तो बनतो.

पहिल्या दोन हातांसाठी १२५ ग्रॅम चपडा एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये, पुढच्या हातांसाठी २०० ग्रॅम एक लिटरमध्ये. काचेच्या बरणीत आदल्या दिवशी भिजवायचा, अधूनमधून हलवायचा, मलमलीतून गाळायचा. लोखंडी डब्यात ठेवला तर काळवंडतो. बनवलेला चपडा जुना होत गेला की वाळत नाही, म्हणून लागेल तेवढाच. बरणी जुनी असेल तर काचेवर थेंब टाकून पाहायचं: तासाभराने नख रुतलं, तर फेकायचा. स्पिरिट विषारी आणि ज्वालाग्राही आहे, चूल विझलेली हवी.

पहिला हात ब्रशने. तासाभराने दुसरा. मग ३२० चा वापरलेला कागद हलकेच. त्यानंतर पोटली: मलमलीत कापूस घट्ट बांधून, चपडा पोटलीच्या आत मुरवायचा, वरून ओतायचा नाही. कागदावर दाबून पाहायचं, ओला ठसा उमटावा पण थेंब गळू नये. लांब, न थांबता, कडेपलीकडे जाणारे हात. गेलेल्या जागेवर लगेच परत फिरलं की खालचा थर विरघळून पोटली चिकटते आणि तिथे लोकरीसारखा खडबडीत डाग पडतो. तसं झालं तर हात थांबवायचा, पूर्ण वाळू द्यायचं, ३२० ने सपाट करून पुन्हा. एकूण पाच हात.

वेळ सकाळी सात ते साडेनऊ. पुढे स्पिरिट इतक्या झपाट्याने उडतं की ब्रशच्या रेघा तशाच गोठतात. पावसाळ्यात उलटं होतं, हवेतला ओलावा थरात अडकून पॉलिश पांढुरकं पडतं. कोरड्या दिवशी स्पिरिटच्या ओलसर पोटलीने हलका हात फिरवला की ते जातं.

गरम पातेलं चपड्यावर पांढरं वर्तुळ पाडतं. दुधाच्या फळीवर स्टीलचा ट्रे राहील.

दिल्ह्यांना सगळे हात दार जोडण्याआधी, कडांसकट. नाहीतर मे महिन्यात फळी आकसते आणि चौकटीच्या कडेने न पॉलिश केलेली फिकी रेघ उघडी पडते.

२७ मार्च

बाहेरची बाजू: बेलतेल, वॉर्निश आणि टर्पेंटाइन समभाग, प्रत्येकी २०० मिली. फडक्याने मुक्त हाताने लावायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं, मग कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढायचं. वर राहिलेलं तेल वाळत नाही, चिकट होऊन धूळ धरतं. चोवीस तासांच्या अंतराने तीन हात. पायांच्या टोकांना तेल पिणं थांबेपर्यंत.

बेलतेल म्हणजे शिजवलेलं जवसाचं तेल. घाणीवरचं कच्चं जवसाचं तेलही शेवटी वाळतं, पण त्याला कित्येक दिवस जातात आणि तोवर त्यावर माती बसते. मोहाच्या टोळीचं (बियांचं) आणि करंजीचं तेल वाळतच नाही. लाकडाला ते चोळण्याची चाल आहे, पण त्याने पुढचं कुठलंही पॉलिश धरत नाही.

आता फडकी. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला प्राणवायू घेतं, आणि त्यात उष्णता निघते. सपाट पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते. चुरगळून ढीग केला की आत साठत जाते आणि काही तासांत फडकी आपोआप पेट घेतात, काडी न लावता. आपल्याकडे हा धोका दुप्पट आहे: बाहेर चाळीसच्या वरचं तापमान, आणि भावाची वाट पाहत घराच्या खोलीत भरून ठेवलेला कापूस. फडकी वापरून झाली की लगेच पाण्याच्या बादलीत बुडवायची, मग अंगणात एकेक वेगळी, सपाट, दगड ठेवून कडक होईपर्यंत वाळवायची. तेलाचं फडकं रात्री घरात राहता कामा नये.

३० मार्च

जोडणी. बिजागऱ्या रात्रभर व्हिनेगरमध्ये, सकाळी तारेच्या ब्रशने घासून सोड्याच्या पाण्यात, उन्हात वाळवून तेलाचा थेंब. स्क्रू ६ नंबर, पाऊण इंच, पितळी. आधी अडीच मिमीचं भोक, त्यात लोखंडी स्क्रू एकदा फिरवून आटे पाडायचे, मग पितळी. सागवानात पितळी स्क्रू थेट पिळला की डोकं तुटतं. स्क्रूला मेणबत्ती घासायची, साबण नाही, साबण ओलावा ओढून गंज चढवतो.

जाळी स्टेनलेस स्टीलची, ३०४ दर्जाची, इंचाला १४ तारा. सगळीकडून एक इंच जास्त कापून कड आत दुमडली. आधी वर मधोमध एक चूक (बारीक खिळा), मग खाली ताणून समोरासमोर, तसंच दोन्ही बाजूंना, नंतर मध्यापासून कोपऱ्यांकडे. कोपऱ्यातून सुरुवात केली की जाळीला झोळ येतो. वरून १० बाय ६ मिमीची पट्टी, दर तीन इंचांवर अर्ध्या इंचाची चूक. पट्टी फाटू नये म्हणून डोकं कापलेली चूकच ड्रिलमध्ये लावून आधी भोकं.

दारांच्या फटी: बिजागरीकडे १ मिमी, वर-खाली २ मिमी, मध्ये ४. बिजागरी दाराची ती कड धरून ठेवते, त्यामुळे रुंदीची सगळी वाढ मध्याकडेच येते. चार उभ्या पट्ट्या प्रत्येकी ६३ मिमी, एकूण २५२. ८ वरून १५ टक्क्यांवर गेल्या तर सुमारे ३.४ मिमी वाढ. चारात बसते. फटीतून माश्या जाऊ नयेत म्हणून उजव्या दाराच्या आतून एक इंची उभी पट्टी, डाव्या दारामागे सरकणारी.

पायांखाली: पसरट थाळीत पाणी, पाण्यात पालथी स्टीलची वाटी, वाटीवर पाय. मुंग्यांना पाणी आडवं येतं, लाकडाला लागत नाही. पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब आणि आठवड्याला पाणी बदल, नाहीतर डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. कपाट भिंतीपासून दोन इंच सुटं.

१८ मे

लाकूड साडेपाच टक्के. मधली फट ५ मिमी. दिल्ह्याची जोडपट्टी जागच्या जागी, चौकटीलगत फिकी रेघ नाही. आलमारीच्या एका बिजागरीचे दोन स्क्रू पाव फेरा घट्ट केले. लाकूड आकसलं की पकड सैल होते, हे दर उन्हाळ्यात करायचंच.

२ ऑगस्ट

लाकूड १४ टक्के. मधली फट १ मिमी, दारं सहज लागतात. पायांची टोकंही १४, म्हणजे वाटीची मांडणी काम करते. सिमेंट शीटच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात मातीची बोटभर वाट होती, मोडली. खालच्या फळीवर चपड्याला तळहाताएवढा पांढुरका डाग, तो दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत काढायचा. बाहेरून बेलतेलाच्या मिश्रणाचा एक हात नोव्हेंबरमध्ये, १०० मिली पुरेल.

६ ऑगस्ट

उधईची वाट पुन्हा बांधलेली नाही. पुढची पाहणी पोळ्यानंतर.